हवालदाराचं काळीज

फोन वाजला तेव्हा दादा स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाशी झटत होता. चाळीस वर्षं माणसांची पोटं उघडून यकृतावर शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाला अर्ध्या इंचाचा वॉशर काही केल्या बसवता येत नव्हता. बायको मुलीकडे गेली होती, त्यामुळे हा पराक्रम पाहायला घरात कुणी नव्हतं, एवढंच काय ते समाधान.

"दादा, आज काय करतोयस?" छोटीचा आवाज.

"महत्त्वाच्या कामात आहे."

"म्हणजे काही करत नाहीयेस. बरं झालं. इकडे येतोस का? आत्ता, लगेच."

छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. बासष्ट वर्षांची झाली तरी छोटीच. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिचा प्राण्यांचा दवाखाना. दोघं एकाच गावात राहत असूनही वर्षातून तीन-चारदा भेटत, तेही कुणाचा वाढदिवस असला तर. भांडण वगैरे काही नव्हतं. नातेवाइकांत दादा 'मोठा डॉक्टर' आणि ती 'कुत्र्यामांजरांची डॉक्टर', अशी वाटणी फार पूर्वी झाली होती आणि ती कुणी मोडायला गेलं नव्हतं. ती सकाळी दहाला फोन करते म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं दादाच्या मनात आलं.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? एक ससा आलाय. यकृताच्या एका पाकळीला पीळ बसलाय."

दादाला हसू आवरलं नाही. "सशाचं काळीज! म्हणजे आधीच ते एवढंसं, त्यात—"

"हसून झालं की सांग, मी थांबते," छोटी म्हणाली आणि खरंच थांबली. दादा गप्प झाल्यावर पुढे बोलू लागली. "काल दुपारपासून खात नाही. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्यात. सोनोग्राफीत त्या पाकळीत रक्त फिरताना दिसत नाही. ती काढायलाच हवी, आणि आजच. पण ती नेमकी उजव्या किडनीला टेकून आहे आणि तिचा देठ मोठ्या शिरेला लागून. अशा दोन केल्यात मी आजवर. एक वाचला, एक टेबलावरच गेला. तू आयुष्यभर त्या शिरेच्या शेजारी वावरलास. येऊन नुसता समोर उभा राहा. कापायचं मी, जबाबदारी माझी. तू धरायचं आणि सांगायचं."

दादानं नळाकडे पाहिलं. नळानं एक थेंब टाकला.

"येतो," तो म्हणाला.

दवाखान्यात तो यापूर्वी एकदाच गेला होता, उद्घाटनाच्या दिवशी, तोही पंधरा मिनिटं. त्याला सव्वीस वर्षं झाली. पूर्वी त्या जागी लॉण्ड्री होती. छताला इस्त्रीचे कपडे टांगायच्या लोखंडी दांड्या अजून होत्या आणि आता त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकत होत्या. पुढच्या खोलीत एक लांब बाक, वजनकाटा, कोपऱ्यात वाळलेल्या गवताचं पोतं. स्पिरिट आणि गवत यांचा एकत्र वास त्याच्या नाकात शिरला आणि का कोण जाणे, त्याला एकदम बरं वाटलं.

बाकावर एक पन्नाशीची बाई बसली होती. अंगात निळा गणवेश, मांडीवर झाकणाची टोपली. ती शहराच्या बसची ड्रायव्हर होती. पाळी बदलून घेऊन थेट आली होती. टोपलीत दोन ससे. एक तपकिरी, कान पाठीला चिकटवून, पाय पोटाखाली ओढून, डोळे अर्धवट मिटून बसलेला. दुसरी पांढरी, ठिपक्यांची, त्याच्या अंगाला अशी खेटून की मधून सुई जाणार नाही.

"हा हवालदार," बसवाली म्हणाली. "घरभर गस्त घालतो म्हणून. कुणी नवीन पिशवी आणली की आधी हा तपासणार. आणि ही मावशी. हिला काही झालेलं नाही, सोबत आलीये."

"सोबत?"

"डॉक्टरबाईंनीच सांगितलं. जोडीदार डोळ्यांसमोर नसला तर हा खायचं विसरेल."

दादानं वाकून हवालदाराच्या जवळ कान नेला. आतून बारीक, कोरडा आवाज येत होता. कर्र, कर्र. जणू कुणी दूर खडे घासतंय.

"दात वाजवतोय," बसवाली म्हणाली. "कालपासून. मला आधी वाटलं, थंडी वाजतेय."

"दुखलं की वाजवतात," दादा म्हणाला, आणि हे आपल्याला कसं माहीत, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग आठवलं.

दादा तेरा वर्षांचा आणि छोटी नऊची होती, तेव्हा त्यांच्या घरी एक करडा ससा होता. त्याचं नाव गोटी. गाव सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी खोक्यासकट दारात ठेवला होता. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी वडिलांचं टेबल, कारण ते घड्याळं दुरुस्त करत. एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर वाकलेले असत आणि गोटी त्यांच्या पायाशी, चपलेवर हनुवटी टेकून पडलेला असे. घड्याळं टिकटिक करत, गोटीचं नाक हलत राही. वडील म्हणत, "या दुकानात वेळ बरोबर दाखवणारा हा एकटाच." कारण बरोबर पाच वाजता तो उठून आतल्या खोलीत आईकडे पाल्यासाठी जात असे. आई त्याला ओरडायची, "मेल्या, पायात येतोस!" आणि हातातल्या भाजीची देठं मात्र मुद्दाम लांब तोडायची.

एके दिवशी पाच वाजले आणि गोटी उठला नाही. टेबलाखाली असाच पाय दुमडून बसला होता, असेच दात वाजवत. आईनं दादाला हाक मारली. का, तर घरात तेव्हा ठरूनच गेलं होतं की हा पुढे डॉक्टर होणार. दादानं मोठ्या माणसासारखं पोट दाबून पाहिलं आणि निदान सांगून टाकलं, "गॅस झालाय. उद्यापर्यंत ठीक होईल." सगळ्यांचा विश्वास बसला. छोटी तेवढी खोक्याशी बसून राहिली. सकाळी गोटी खोक्यात आडवा पडलेला होता, थंड.

मग दोघांनी मागच्या पडवीत, जुन्या फळीवर, वडिलांच्या कामाच्या धारदार पातीनं त्याचं पोट उघडलं. लालसर यकृतात एकच भाग काळाकुट्ट होता, पिकल्या जांभळासारखा. तो काय आहे हे दोघांनाही कळलं नाही. पण दादा तिथेच ठरवून बसला की कळून घ्यायचं. गेल्या वर्षी निवृत्त झाला तेव्हाच्या निरोपसमारंभात त्यानं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. "माझी पहिली शस्त्रक्रिया मी तेराव्या वर्षी केली," असं म्हटल्यावर केवढा हशा आणि टाळ्या! तिसऱ्या रांगेत छोटीही बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

"काय रे, तंद्री लागली?" छोटी हात पुसत बाहेर आली. केस पूर्ण पांढरे, चेहरा वडिलांचा. "चल, हात धू."

"याला उपाशी कधीपासून ठेवलाय?" दादानं सवयीनं विचारलं.

आतून हसण्याचा आवाज आला. भुलीची नळी तपासत असलेल्या काकू होत्या त्या. दवाखाना उघडला त्या दिवसापासून इथे होत्या. सशाला भूल द्यावी तर काकूंनीच, असं छोटी म्हणायची. "उपाशी? डॉक्टर, ससा ओकत नाही. त्याला उपाशी ठेवलं की आतडंच थांबतं. आमच्याकडे शेवटच्या मिनिटापर्यंत जेवण चालू. याच्या मनात असतं तर यानंही खाल्लं असतं बिचाऱ्यानं."

दादानं मान डोलावली. पाच मिनिटांत पहिला धडा मिळाला होता.

बसवाली कागदावर सही करताना थांबली. "तुम्ही सशांची किती ऑपरेशनं केलीत?" तिनं दादाला विचारलं.

"एकही नाही."

"माणसांची?"

"हजारेक तरी."

तिनं छोटीकडे पाहिलं. "मग यांना घेतलेलं चालेल का?"

"चालेल," छोटी म्हणाली. "जरा सांभाळून घ्यावं लागेल, एवढंच."

हवालदार टेबलावर आला तेव्हा तो केवढासा आहे ते दादाला जाणवलं. टोपलीत तो बरा गुबगुबीत दिसत होता. भूल चढल्यावर, पोटावरचे केस काढल्यावर, गरम पाण्याच्या पिशव्यांच्या मधोमध तो ओल्या हातमोज्यासारखा पडला होता. दोन किलोसुद्धा नव्हता.

"याच्या अंगात एकूण रक्त किती?" दादानं विचारलं.

"चहाचा एक लहान कप," छोटी म्हणाली. "त्यातलं थोडं आधीच त्या पाकळीत अडकलंय. दोन-तीन चमचे सांडलं की संपलं. म्हणून तुला बोलावलं."

तिनं पोट उघडलं. एक सरळ, छोटी चीर. दादा इतकी वर्षं मोठमोठ्या चिरा पाहत आला होता, माणसाच्या पोटात दोन्ही हात मनगटापर्यंत घालायची सवय. इथे सगळं एका तळहातात मावणारं. आतड्याचं एक मोठं वेटोळं छोटीनं ओल्या कापडात अलगद बाजूला घेतलं, तान्ह्या मुलाला कूस बदलायला लावावी तसं. मग यकृताच्या तपकिरी पाकळ्या दिसल्या आणि त्यांच्या मागे, उजव्या किडनीला चिकटून, ती दिसली.

काळी. जांभळासारखी काळी, फुगलेली, कडेनं ओलसर.

काकूंनी मशीनवरून डोळे न काढता म्हटलं, "श्वास बरा आहे. पण रेंगाळू नका."

"देठ दिसतोय?" छोटीनं विचारलं.

"दिसतोय. पीळ सोडवू नकोस," दादा पटकन म्हणाला. आवाज आपोआप जुना झाला होता, ऑपरेशन थिएटरमधला. "आत जे विष साचलंय ते सगळं रक्तात जाईल. पीळ आहे तसाच राहू दे, आणि फास त्याच्या खाली टाक. थांब, मीच—"

त्यानं हात पुढे केला आणि तो चिरेपाशीच अडला. त्याची दोन बोटं आत गेली असती तर दुसरं काहीच गेलं नसतं. त्यानं एक बोट घालून पाहिलं. देठापर्यंत पोचलंसुद्धा नाही, आणि बाजूची पाकळी दबली. या बोटांनी त्यानं काय काय बांधलं होतं! आणि आज घोडं अडलं ते त्यांच्या जाडीवर.

"काढ," छोटी हळूच म्हणाली. "मी टाकते. तू पाकळी उचलून धर. आणि बोल."

त्यानं दोन ओले बोळे घेतले आणि त्यांवर ती काळी पाकळी उचलून धरली. ती घट्ट दह्यासारखी होती. जरा जास्त दाबलं असतं तर फाटली असती. देठाच्या खाली निळसर मोठी शीर दिसत होती, पेन्सिलीहून बारीक, आणि प्रत्येक श्वासाबरोबर फुगत होती.

"आता दोरा मागून घे. मागून. शिरेला टेकवू नकोस. आणखी केसभर वर. बस. आता आवळ, पण खेचू नकोस. ओढलंस तर दोरा देठच कापेल. नुसता दोरा बसू दे... बसू दे... आता थांब. दहा मोज. आता आणखी थोडा."

छोटीची बोटं बारीक होती आणि अजिबात हलत नव्हती. दादा बोलत गेला आणि ती करत गेली. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण सांगायच्या आधीच तिची बोटं तिथे पोचलेली असतात. तरीही तो बोलत राहिला, कारण तिनं एकदाही "माहितीये" म्हटलं नाही.

दुसरा फास बसला. तिनं कात्रीनं देठ कापला. पाकळी सुटून बोळ्यांवर आली. तिघंही उरलेल्या टोकाकडे पाहत राहिले. एक लाल ठिपका आला, मोहरीएवढा. तिनं त्यावर बोळा टेकवला. काकू मोठ्यानं आकडे मोजत होत्या. साठपर्यंत मोजून झालं तेव्हा बोळा उचलला. ठिपका वाढला नव्हता.

"अहाहा," दादा म्हणाला. "असं काम बघायला मिळालं की डोळे निवतात." आणि तिच्याकडे कौतुकानं पाहणार, तेवढ्यात त्याची नजर किडनीवर गेली.

उजवी किडनी, मघाशी पाकळीखाली झाकलेली, आता समोर उघडी होती. तिच्या मधोमध एक फुगवटा होता. हात धुताना छोटीनं सकाळच्या एक्स-रेमध्ये तो दाखवला होताच, वाटाण्याच्या डाळीएवढा खडा.

"हा खडाही काढून टाकू," दादा म्हणाला. "पोट उघडलंच आहे. पुन्हा कशाला याला भूल द्यायची? किडनी चिरायची, खडा काढायचा, शिवून टाकायचं. दहा मिनिटं."

"नाही," छोटी म्हणाली.

"अगं, समोर आहे. हाताशी आहे."

"नको, दादा."

"तू विचार कर. आज सोडलास तर हा खडा उद्या वाढणार. माणसाच्या बाबतीत आम्ही—"

"हा माणूस नाहीये." तिनं आवाज चढवला नाही. ती आतडं परत जागेवर ठेवायला लागलीसुद्धा. "याचं रक्त आधीच कमी झालंय. किडनी चिरली की आणखी जाणार. आणि दोन जखमांचं दुखणं घेऊन ससा खात नाही. खाल्लं नाही की तिसऱ्या दिवशी जातो. खडा सुंदर निघतो, ससा मरतो. मी हे करून बसलीये एकदा. दुसरी किडनी छान आहे याची. राहू दे."

दादाच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं. चाळीस वर्षं त्याच्या थिएटरमध्ये असं वाक्य अर्ध्यात तोडायची कुणाची टाप नव्हती. त्यानं काकूंकडे पाहिलं. काकू श्वास मोजत होत्या, पण त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

त्यानं वाक्य गिळलं. "टाके कुठल्या दोऱ्यानं घालतेस?" त्यानं विचारलं.

"आतून विरघळणाऱ्या. बाहेरून दिसला तर हा कुरतडून काढेल."

अर्ध्या तासानं हवालदार कापडात गुंडाळलेला, मावशीच्या शेजारी ठेवलेला होता. मावशीनं त्याचा कान हुंगला, स्पिरिटच्या वासानं नाक मुरडलं, आणि तरीही त्याला खेटून बसली. बसवालीनं पिंजऱ्याशी जमिनीवर बैठक मारली. गणवेशाची घडी मोडतेय याची तिला शुद्ध नव्हती.

भाऊ-बहीण मागच्या दारातल्या पायरीवर चहा घेऊन बसले. दुपार टळत होती. समोरच्या भिंतीवर कुणाचे तरी मोजे वाळत होते.

"तसंच होतं ना अगदी?" दादा म्हणाला. "गोटीचं. तेच जांभूळ. मला तर आत पाहताक्षणी पडवी आठवली. ती फळी, बाबांची पाती. बिचाऱ्या गोटीलाही हेच झालं होतं, आणि मी म्हणालो गॅस."

"हो, तेच होतं. मला कॉलेजात शिकताना कळलं, तिसऱ्या वर्षाला. वर्गातच रडले होते."

"मला सांगितलं नाहीस!"

"तुला काय सांगणार? तू परीक्षेत होतास." तिनं फुंकर मारून चहा प्यायला. मग कडेनं त्याच्याकडे पाहिलं. "पण तुला काय रे आठवतंय? तू तर नळाजवळ ओकत होतास."

दादानं कप खाली ठेवला. "कोण? मी?"

"मग कोण, गोटी? ससे ओकत नाहीत, आत्ताच शिकलास ना? तू पाती हातात घेतलीस, केस बाजूला केलेस, आणि पांढराफटक पडलास. मग गेलास नळाकडे. पोट मी उघडलं. तू येईपर्यंत मी सगळं पाहून परत शिवूनपण टाकलं होतं, आईच्या गोधडीच्या दोऱ्यानं."

दादा हसायला गेला, पण हसू काही नीट जमलं नाही. त्यानं डोळे मिटून पडवी समोर आणली. फळी होती. उन्हाची तिरीप होती. काळं जांभूळ होतं, अगदी स्वच्छ, कडेची ओल दिसण्याइतकं. मग त्यानं जांभळाभोवतीचे हात शोधले. हात लहान होते. नखांत मातीची रेघ. छोटी तेव्हा मागच्या अंगणात भोपळ्याच्या बिया पुरायची.

"पण मला दिसतंय ते," तो हळू म्हणाला. "डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"असणारच. त्या संध्याकाळी तू तापानं पडलास आणि मी तुझ्या उशाशी बसून सगळं सांगितलं. रंग, आकार, कुठे चिकटलं होतं, किती गार होतं. तू दहादा विचारलंस आणि मी दहादा सांगितलं. इतकं नीट सांगितलं असेन की तुला वाटलं, आपणच पाहिलं."

"आणि निरोपसमारंभात? एवढ्या लोकांसमोर मी छाती काढून..."

"मजा आली ऐकायला. छान सांगितलंस."

"अगं, पण बोलली का नाहीस कधी? इतक्या वर्षांत?"

छोटीनं खांदे उडवले. "तुला डॉक्टर व्हायचं होतं. घरात सगळ्यांनाच तू डॉक्टर व्हायला हवा होतास. मला नुसतं गोटीला काय झालं ते हवं होतं. ते मला मिळालं होतं." ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, हुबेहूब वडील टेबलावरून उठत तशी. "चल. त्याला उठवून भरवायचंय. ऑपरेशन म्हणजे सोपा भाग होता."

खरंच सोपा होता. हवालदार शुद्धीवर आला, पण खायला तयार होईना. गवत समोर ठेवलं, त्यानं तोंड फिरवलं. कोवळा पाला ठेवला, तो मावशीनं खाल्ला. मग काकूंनी पिठाची पातळ पेज केली आणि सुई काढलेल्या सिरिंजनं त्याच्या गालात थोडी थोडी सोडायला दादाला शिकवलं. "घाई करायची नाही. त्यानं चावल्याशिवाय पुढचा थेंब नाही." दादा शिकला. निम्मी पेज शर्टावर घेऊन शिकला.

दुसऱ्या दिवशी तो कुणी न बोलावता आला. तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या खेपेला हवालदार मांडीवर घेऊन बसला असताना त्याला मांडीतून एक बारीक गुरगुर जाणवली, पोटातली. त्यानं श्वास रोखला. इतक्या मोठ्या इस्पितळात इतक्या लोकांच्या पोटातली गुरगुर ऐकली होती त्यानं, पण अशी कान देऊन नाही.

पेजेचा थेंब पुढे केला तर हवालदारानं सिरिंज नाकानं बाजूला ढकलली, मांडीवरून उतरला, मावशीच्या तोंडातून लोंबणाऱ्या गवताच्या काडीचं दुसरं टोक धरलं आणि चावायला लागला. मावशीनं सोडली नाही. दोघं दोन बाजूंनी खात मध्यावर येईपर्यंत काडी संपली.

"छोटी!" दादा ओरडला. "काकू! या लवकर!"

तासाभरानं पिंजऱ्यात लेंड्या पडल्या. सात. बारीक, कोरड्या, ओबडधोबड. बसवाली ड्युटीवर होती. छोटीनं तिला फोन लावला आणि तो दादाच्या हातात दिला. "सांग. तूच मोजल्यास."

"सात," दादा म्हणाला, आणि पलीकडून बसच्या हॉर्नचा लांबलचक आवाज आला.

दीड महिन्यानं तपासणीला हवालदार आला तेव्हा त्याच्या पोटावर नवे केस उगवले होते, जुन्याहून गडद. त्यानं आल्या आल्या दादाची पिशवी तपासली. छोटीनं त्याला सोनोग्राफीच्या टेबलावर घेतलं. यकृत नीट होतं. किडनीतला खडा होता तिथेच होता, वाढला नव्हता, कमीही झाला नव्हता.

दादानं पडद्याकडे पाहिलं. या वेळी तो आधी बोलला नाही. "काय करायचं मग?" त्यानं विचारलं.

"काही नाही," छोटी म्हणाली. "पाणी भरपूर, गवत भरपूर. दर तीन महिन्यांनी बघत राहू. त्रास द्यायला लागला तर काढू, नाही लागला तर राहील बिचारा त्याच्या जागी."

"राहील," दादा म्हणाला.

बसवाली दोन्ही ससे टोपलीत घालून गेली. दादा मात्र रेंगाळला. पुढच्या खोलीतलं गवताचं पोतं सुटलं होतं, ते त्यानं बांधून ठेवलं. मग दोघं भाऊ-बहीण बसथांब्यापर्यंत चालत निघाले. वाटेत घड्याळांचं एक दुकान लागलं. आत कुणी दुरुस्त करणारं नव्हतं, नुसती विकायची मांडलेली. दोघंही काचेसमोर थांबले.

"बाबा गोटीला चपलेवरून उठवायचे नाहीत, आठवतंय?" छोटी म्हणाली. "पाय सुन्न व्हायचा त्यांचा, तरी हलवायचे नाहीत."

"मला वाटतं, मला आठवतंय," दादा म्हणाला. "पण तू सांग. तू सांगितलेलं बरं."

ती सांगू लागली. बस आली आणि गेली, आणि त्यांनी पुढची धरायचं ठरवलं.